उष्ण ढीग, थंड पाणी

वेल्टामावशी,

टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आपल्या भारतीय दुकानात तुमच्यासाठी ठेवलेली बरणी अजून आहे. 'शहाजिरे, जिरे नव्हे' असा कागद मालकाने तिच्यावर चिकटवलाय. तुम्ही गेल्याचं त्याला मीच सांगितलं. तो म्हणाला, आता हे कोण नेणार? मी म्हटलं, मी नेईन. मला शहाजिरं अजिबात आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही गेल्यावर लोक तुमच्याविषयी छान छान बोलायला लागले. त्यातलं सगळं खरं नव्हतं, आणि त्यामुळे आपला अर्धा राहिलेला वाद मला एकटीला पुढे न्यावा लागला. त्याचं काय झालं हे तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी त्या शहाजिऱ्यापासून सुरू करते, कारण आपली ओळख तिथेच झाली.

तुम्ही काउंटरपाशी उभ्या होतात. आखूड पांढरे केस, पाठीवर सॅक. दुकानदार पुड्या पुढे करत होता आणि तुम्ही प्रत्येकीत नाक घालून मान हलवत होतात. जिरं, नाही. ओवा, नाही. बडीशेप, मुळीच नाही. मागे आमची रांग वाढत होती. शेवटी मी खालच्या फळीवरून शहाजिऱ्याची पुडी काढून तुमच्या हातात दिली. तुम्ही ती हुंगलीत आणि तुमचे डोळे भरून आले. कशासाठी हवं होतं विचारलं तर म्हणालात, चीजसाठी. वर्षातल्या सगळ्यांत लहान रात्री लॅटव्हियात शेकोट्या पेटवतात आणि हे घातलेलं चीज खातात. जपानात आल्यापासून तुम्ही साधं जिरं घालून स्वतःची समजूत काढत होतात. पुढच्या आठवड्यात ते चीज तुम्ही आमच्या दारात आणून दिलंत. मी दोन दिवस ते भाकरीबरोबर खाल्लं आणि उत्तम आहे म्हणून सांगितलं. 'खोटं बोलताना तुझी मान डावीकडे जाते,' तुम्ही म्हणालात.

माझं बालपण पत्रकांत गेलं, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगून टाकलं होतं, जरा ऐटीतच. इचलकरंजीत बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि पत्रकांच्या घड्या आमच्या स्वयंपाकघरात घातल्या जायच्या. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. कमळातला 'क' शाळेत भेटला, त्याच्या आधी मला 'निषेध' वाचता येत होतं. हे सांगितलं की लोक हसतात. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, 'मीसुद्धा पत्रकांतच वाढले. आमच्याकडे ती सरकार छापायचं, आणि त्यावर विश्वास नाही ठेवला तर माणसं नाहीशी व्हायची.'

तुमच्या आईची बहीण अशीच सैबेरियाला नाहीशी झाली होती. हे मला कळलं ते मी तुम्हाला मावशी म्हणायला लागल्यावर. ऑफिसात तुम्ही वेल्टा-सान होतात, पण माझ्या तोंडी ते आदराचं 'सान' बसेना. मावशी म्हणजे काय, तुम्ही विचारलंत. आईची बहीण, मी सांगितलं. तुम्ही तो शब्द पुटपुटून बघितलात. मग म्हणालात, आमच्या घरात हा शब्द फार हळू आवाजात बोलला जायचा, इथे स्टेशनवर कुणी मोठ्याने हाक मारली तर चालेल मला. तेव्हापासून मी मुद्दाम मोठ्याने मारत आले.

तुम्ही पॉलिमरच्या रसायनतज्ज्ञ आहात हे कळलं तेव्हा मात्र मी जवळजवळ मैत्री मोडली होती. पॉलिमर म्हणजे एकाच रेणूच्या कड्या जोडत केलेल्या लांब साखळ्या, असं तुम्ही समजावत होतात आणि मला फक्त 'प्लास्टिक' एवढंच ऐकू येत होतं. मी म्हटलं, मी प्लास्टिकच्या विरोधात आहे. 'कोणत्या?' 'सगळ्या.' तुम्ही शांतपणे कमरेवर हात ठेवलात. 'माझ्या सांध्यात पॉलिथिलीनची वाटी बसवली आहे. तिच्याविरुद्ध आधी पत्रक काढ. मी वाटायला येईन, पण त्या वाटीशिवाय चालता यायचं नाही.'

मग निर्माल्य आलं. इथल्या आमच्या मंडळींचा खरा धर्मसंकटाचा प्रश्न तोच. गणपतीच्या मूर्तीचं बादलीत विसर्जन करतात, त्याला कुणाची हरकत नसते. पण हार-दूर्वांचं काय करायचं? नदीत टाकता येत नाहीत, आणि कचरा वेगळा करण्याच्या नियमांप्रमाणे त्यांची जागा 'मोएरु गोमी'त, म्हणजे जाळायच्या कचऱ्यात. 'देवाची फुलं माशांच्या काट्यांबरोबर जाळायला देऊ मी?' आमच्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या. त्यांच्या उरायासुच्या घराच्या बाल्कनीत मागच्या वर्षीच्या पिशव्याही तशाच गाठ मारून ठेवलेल्या निघाल्या. मी देव मानत नाही, मोदकांपुरती जाते. म्हणूनच की काय हे काम माझ्या गळ्यात पडलं, आणि मी ते तुमच्या गळ्यात घातलं.

तुम्हाला वॉर्डाच्या सोडतीत भाजीचा वाफा मिळाला होता, नदीच्या बांधाजवळ. त्याच्या कोपऱ्यात तुम्ही फळ्यांची पेटी करून खताचा ढीग रचला होतात. सायकलच्या पुढच्या टोपलीत निर्माल्य घालून तुम्ही निघालात की आमच्या इमारतीतली माणसं बाल्कनीत यायची. काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'ती बाई आपल्या निर्माल्याचं करते तरी काय?' खत, मी म्हटलं. 'मंत्र-बिंत्र म्हणते का?' थर्मामीटर लावते, मी म्हटलं. काकूंनी त्यावर जरा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची फुलंही पाठवून दिली.

फुलं तुम्ही तुमच्या पिशव्यांत भरायचात. कंपनीत उमेदीची सगळी वर्षं ज्या पातळ प्लास्टिक फिल्मवर घालवलीत, त्याच फिल्मच्या पिशव्या, ओल्या साबुदाण्याच्या पापडासारख्या दुधी. त्यांच्यावर पालापाचोळा, तांदळाचा कोंडा, पुन्हा फुलं. थंडीत झाकण उचललं की ढिगातून वाफ यायची आणि तुमचा चष्मा पांढरा व्हायचा. तो न पुसता तुम्ही लांब दांड्याचं थर्मामीटर खुपसून आकडा मला वाचायला लावायचात. साठ अंश. वसंतात आपण तो ढीग उपसला तेव्हा पिशव्या नव्हत्या. मी बोटांनी माती चाळली, कण लागतोय का बघितलं. काही नव्हतं. काळी माती आणि सुपारीचं एक न कुजलेलं खांड. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी पत्रक लिहिलं. 'हे प्लास्टिक मातीत मिसळतं! आजपासून हेच वापरा!' मराठीत, हिंदीत आणि माझ्या जपानीत.

तुम्ही त्याचा शब्दन् शब्द समजून घेतलात. मग एकच विचारलंत, 'कुठे?'

कुठे म्हणजे काय, मला कळेना. कुठे मिसळतं, किती उष्णतेला, ते यात नाही, तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, मावशी, पत्रकात अटी लिहीत नसतात. रस्त्याने जाणारा माणूस अटी वाचायला थांबत नाही.

'मग त्याला थांबवू नकोस. जाऊ दे त्याच्या कामाला.'

आणि वाफ्यातले मुळे उपटता उपटता तुम्ही मला समुद्राची गोष्ट सांगितलीत. त्याच फिल्मच्या पट्ट्या तुम्ही जाळीच्या पिशव्यांत घालून इथल्या खाडीत बुडवल्या होत्यात. काही लॅटव्हियाला पाठवल्यात. बाल्टिकच्या काठी तुमच्या लहानपणच्या गावात शाळेतल्या मैत्रिणीने त्या धक्क्याखाली बांधल्या. खाडीत वरच्या पाण्यातल्या पट्ट्या उन्हाळ्यात कडेने जरा मऊ पडल्या. खाडीच्या तळाच्या आणि बाल्टिकच्या थंड पाण्यातल्या जशा गेल्या तशाच वर आल्या. तुम्ही तसा अहवाल दिलात. कंपनीने माहितीपत्रक काढलं त्यावर कासवाचं चित्र होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'निसर्गात परत जाणारी पिशवी'. तुम्ही म्हणालात, यावरून माझं नाव काढा. त्यांनी काढलं. पुढे तुमची बदली चाचणीच्या खोलीत झाली, आणि निवृत्तीपर्यंत तुम्ही दुसऱ्यांनी केलेल्या फिल्म किती ताणल्यावर फाटतात ते बघत बसलात. हे सगळं तुम्ही, या वर्षी मुळे तिखट निघाले म्हणावं, तसं सांगितलंत.

मी पेटले. दुसऱ्या दिवशी नवं पत्रक घेऊन आले, त्यात खोटारडे होते, समुद्राचे मारेकरी होते, आणि सर्वांत वर तुम्ही होतात, अन्याय झालेली नायिका. तुम्ही ते वाचून घेतलंत आणि मला परत दिलंत. हे अर्धं आहे, म्हणालात.

'अर्धं, पण खरं तर आहे ना?'

'त्यांचंही अर्धं खरंच होतं.' मग जरा थांबून, 'दोन्ही लिही. उष्ण ढिगात ती जाते, थंड पाण्यात जात नाही. दोन्ही एका दमात लिही, मग माझं नाव घाल.'

मला ते जमलं नाही, मावशी. किती खर्डे केले. एक घोषणा व्हायचा, तर दुसरा औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या कागदासारखा. तुम्ही प्रत्येक वाचलात, प्रत्येकाला 'जवळ आलीस' म्हणालात, आणि एकालाही नाव दिलं नाहीत. शेवटी माझा तोल गेला. मी म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं गप्प बसलात, आणि पिशव्या विकल्या जात राहिल्या. 'मी गप्प नव्हते,' तुम्ही म्हणालात. 'मी एकदा सांगितलं. नंतर कुणी विचारलं नाही.' मी विचारलं, पण विचारायची वाट का बघितलीत?

तुम्ही वाफ्यावरचं गवत काढत राहिलात. तुमच्यावर माझं कितीही प्रेम असलं तरी तो प्रश्न मी मागे घेत नाही. खरं एकदा अहवालात लिहून ठेवणं पुरेसं नसतं, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटतं. आणि तरीही आता मी 'सगळे' हा शब्द लिहिला की हात थांबतो. कोणते सगळे, कुठले, कधी? ही सवय तुम्ही लावलीत. बाबांना फोनवर त्यांच्या नव्या पत्रकातलं 'सगळे' काढायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुला जपानची हवा बाधली. जपानची नाही, मी म्हटलं.

तुम्ही आजारी पडल्यावर वाद बंद झाला. मला तो बंद व्हायला नको होता. हॉस्पिटलात मी फुलं घेऊन आले तेव्हा तुम्ही ती मोजलीत आणि त्यातलं एक काढून शेजारच्या आजींच्या पेल्यात ठेवायला लावलंत. तुमच्याकडे सम संख्येची फुलं मेलेल्या माणसाला देतात. आमच्याकडेही आहेरावर वरचा एक रुपया ठेवतात, मी म्हटलं, आणि तेवढ्यावर आपण दोघी खूश झालो, दोन देशांचा करार झाल्यासारख्या. निघताना तुम्ही विचारलंत, खर्डा आणलास का? नव्हता आणला. 'घाई नाही,' तुम्ही म्हणालात. घाई होती, मावशी. ते तुम्हाला कळत होतं, मलाही कळत होतं, आणि आपण दोघीही ते बोललो नाही.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचा भाचा लॅटव्हियाहून वेळेवर पोचणार नव्हता. त्याने फोनवरून सगळं हिरानो-सानवर सोपवलं. तुमच्या हाताखाली कामाला लागलेले, आता तुमच्याच जुन्या विभागाचे प्रमुख असलेले हिरानो-सान. त्यांना मी स्मशानात पहिल्यांदा भेटले. दहनानंतर इथे दोन माणसं मिळून एकच अस्थी चॉपस्टिकनी उचलतात आणि कलशात ठेवतात, पायांपासून वर. गावी असते तर मला या कामाला कुणी पुढे होऊ दिलं नसतं. इथे हिरानो-सान माझ्याकडे बघून नुसतं वाकले, आणि मी पुढे झाले. एकाच हाडावर दोघांच्या काड्या. त्यांनी काडी जराशी हलवली की माझ्याही काडीला ते कळायचं. कमरेपाशी सांध्याचा धातूचा गोळा होता. तिथल्या कर्मचाऱ्याने तो अदबीने बाजूला सरकवला. हिरानो-सान वाकून पुटपुटले, 'वाटी गेली.' पॉलिथिलीनची वाटी. मला हसू फुटलं, तिथे, त्या खोलीत, आणि मग ते कधी रडणं झालं ते कळलं नाही. ते तसेच काड्या धरून थांबले.

त्याच हिरानो-सानांनी मला काही दिवसांनी स्टेशनजवळच्या कॅफेत बोलावलं. कंपनी तुमची स्मरणसभा घेणार होती. मैत्रीण म्हणून मी चार शब्द बोलावे, अशी त्यांची विनंती होती. पडद्यावर काय दिसणार ते त्यांनी मोबाइलवर दाखवलं. तुमचा हसरा फोटो, मागे निळा समुद्र, खाली तुमचं नाव, आणि नावाखाली 'निसर्गात परत जाणाऱ्या पिशवीची जननी'. तुम्ही काढायला लावलेलं नाव त्यांनी परत घातलं होतं. आता तुम्ही हरकत घेणार नव्हता.

थंड समुद्रात ही पिशवी जात नाही हे तुम्हाला माहीत आहे ना, मी हिरानो-सानना विचारलं.  'खाडीच्या तळातल्या जाळ्या मीच वर काढल्या होत्या,' ते म्हणाले. मग सांगू लागले की निवृत्ती जवळ आली आहे, मुलगी नुकतीच याच कंपनीत लागली आहे, आणि मी फुलांबद्दल, स्वयंपाकाबद्दल बोलले तर सगळ्यांना आवडेल. वेल्टा-साननीही अशा ठिकाणी आवाज चढवला नसता, असंही म्हणाले. मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

घरी येऊन मी भाषण लिहिलं. अगदी आमच्या स्वयंपाकघरातल्या पत्रकांच्या जातीचं. मकरंद, माझा नवरा, सहसा माझं लिखाण वाचून 'मस्त' म्हणतो आणि सुटतो. या वेळी त्याने वाचलं आणि म्हणाला, 'जोरदार आहे. पण यात मावशी कुठे आहेत?' मी त्याच्यावर ओरडले. मग बसले, आणि तुमची अट समोर ठेवून पुन्हा लिहायला लागले. पडद्यावरच्या त्या ओळीतून मला तुमचं नाव सोडवायचं होतं, आणि ते तुम्ही घातलेल्या अटीवरच सुटणार होतं.

सभेत पांढरी फुलं होती. मोजली, सम होती. कुणाला माहीत नसताना. पुढच्या रांगेत काळे टाय लावलेले वरिष्ठ. मी माझ्या मोडक्या जपानीत निर्माल्याची गोष्ट सांगितली. काकूंचा मंत्राचा प्रश्न सांगितला, तेव्हा लोक हसले. मग मी म्हणाले, 'त्या ढिगात, साठ अंशांना, पिशवी पूर्ण नाहीशी झाली. मी हातांनी माती चाळून बघितलं. थंड समुद्रात तीच पिशवी नाहीशी झाली नाही. वेल्टा-साननी मला दोन्ही सांगितलं होतं, आणि दोन्ही सांगितलं तरच माझं नाव घाल, असंही सांगितलं होतं. म्हणून मी दोन्ही सांगितलं. पडद्यावर त्यांच्या नावाखाली दोन्ही नाही.'

झालं. एवढंच होतं ते, मावशी. इतके महिने जे जमत नव्हतं ते एवढंसं निघालं. आवाजही चढला नाही. 

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढचं नाव हिरानो-सानांचं होतं. ते आले, त्यांनी कागद उघडला, बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. आधी ते तुमच्या फोटोकडे वळून वाकले, इतका वेळ की मला वाटलं आता सरळ होणारच नाहीत. मग पुढच्या रांगेकडे वळले. 'खाडीच्या तळातल्या त्या जाळ्या मी वर काढल्या,' ते म्हणाले. 'पट्ट्या तशाच होत्या. अहवालावर दुसरी सही माझी आहे.'

 सूत्रसंचालक हातातला कार्यक्रम उलटसुलट करत होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईंनी हात वर केला. स्मरणसभेत, सरळ हात वर. माफ करा, म्हणाल्या, पण जाळ्या किती खोल होत्या? हिरानो-साननी खोली सांगितली. कुणीतरी फिल्मची जाडी विचारली. पुढच्या रांगेतले एक वयस्कर वरिष्ठ, ज्यांच्या चेहऱ्यावर इतका वेळ काहीच हललं नव्हतं, ते मागे न वळताच म्हणाले की वरचं पाणी आणि तळाचं पाणी एका मापाने धरता येत नाही. हिरानो-सान म्हणाले, धरलेलं नाही, वेगवेगळं नोंदवलं आहे. 'तुम्ही अहवाल वाचलाय का?' त्यांनी त्या वरिष्ठांना विचारलं. मग दोघं-तिघं उठून पुढे आले, आणि तुमच्या फोटोसमोर, फुलांच्या मधोमध, पाणी नेमकं किती थंड होतं यावरून चांगला वाद जुंपला. सूत्रसंचालकाने माझ्याकडे मदतीच्या आशेने बघितलं. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, एक पत्रकभर तरी. मी खुर्चीत बसून राहिले आणि ऐकत राहिले.